सरकारी तेल

"एक तर तुमची वही खोटी, नाहीतर तुमचं गाव खोटं बोलतंय. तिसरं काही मला सुचत नाही, सिस्टर."

डॉ. वैराळेंनी त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या टेबलावरून माझी तेलवाटपाची वही माझ्याकडे सरकवली. तीन रात्री झोप नव्हती त्यांना, डोळे तांबारले होते. मलाही नव्हती. पण माझ्या वहीला कुणी खोटं म्हटलं की माझं डोकं सटकतं.

"वही खोटी नाही," मी म्हटलं. "एकशे बेचाळीस घरं पायी हिंडलेय मी. प्रत्येक बाटलीला सही नाहीतर अंगठा आहे. मोजून घ्या."

"मग लोक लावत नाहीत."

"लावतात. मी दर दोन दिवसांनी विचारते. बाटल्या अर्ध्या झाल्यात, बघून आलेय."

"बाटल्या अर्ध्या झाल्या आणि माझ्याकडे आंबेखोलचा अकरावा पेशंट आला. हे गणित तुम्हीच सोडवा."

अकरावा पेशंट म्हणजे दर्शना गवस. बाजूच्याच खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. तिचा विषय निघाल्यावर माझं तोंड बंद झालं. एरवी ते सहजी बंद होत नाही.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा आंबेखोलच्या उपकेंद्रात नर्स होते. गाव गोव्याच्या हद्दीला चिकटलेलं, चहूकडं काजूच्या बागा आणि त्यामागं रान. मी गडहिंग्लजची, घाटावरची. मला तिथं नोकरीवर पाच वर्षं झाली होती, तरी माझी भाषा ऐकून गावातल्या बाया पदरात हसायच्या. त्या वर्षी संक्रांतीनंतर रानात माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ माणसांना ताप. साधासुधा नव्हे, कपाळ फुटेल असं डोकं दुखायचं, अंग मोडून यायचं आणि काहींच्या हिरड्यांतून रक्त. पुण्याहून प्रयोगशाळेची माणसं आली. अंगभर पांढरे डगले चढवून ती रानात पांढरं फडकं जमिनीवरून ओढत फिरली आणि फडक्याला चिकटलेले गोचीड चिमट्यानं वेचून बाटल्यांत भरून घेऊन गेली. गावानं ठरवून टाकलं की ही करणी आहे. आठवड्यानं पुण्याहून उत्तर आलं. माकडताप. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड उतरतात, माणसाला चावतात, त्यातून होतो. त्यावर नेमकं औषध नाही. लस आहे, पण ती यायला अजून महिना लागेल. तोवर एकच, गोचीड चिकटू नये म्हणून हातापायांना एक तेल लावायचं. ते तेल खोक्यांनी आलं आणि वाटायला मी निघाले.

उत्तर आलं त्या दिवसापासून गावाचं नावच वाईट झालं. एस.टी.चा ड्रायव्हर फाट्यावर गाडी थांबवेना. मासळीचा टेम्पो पुलापलीकडेच उभा राहायला लागला. ठरलेली दोन लग्नं मोडली. गोव्यात हॉटेलात कामाला असलेल्या पोरांना मालकांनी सांगून टाकलं, गावी गेलात तर परत येऊ नका. म्हणजे आजार एकीकडं आणि लोकांची भीती दुसरीकडं, त्यात गाव चेंगरलं होतं. कुणी म्हणे देवाचा कोप, कुणी म्हणे जमिनी लाटायला पुढाऱ्यांनीच गोचीड सोडलेत. दोन माणसं गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेली, दोघंही गेली. त्यांची मढीसुद्धा गावात आणू दिली नाहीत.

आणि या सगळ्यात दर्शना एक दिवस उपकेंद्रात आली. सव्वीस वर्षांची, बारावी शिकलेली, चार वर्षांच्या मुलीची आई. तिचा नवरा उत्तम गोव्यातल्या हॉटेलात अडकलेला. घरात ती, मुलगी चिमी आणि सासू सत्यवतीकाकी, ज्यांना ती आई म्हणायची. बागेत काजू पडून सडायला लागले होते.

"सिस्टर, खरा सांगा. जाव की नको?" तिनं विचारलं. "आई म्हणतत, सिस्टर सांगतली तसा कर."

मी काय म्हणायला हवं होतं? नको म्हणायला हवं होतं. पण माझ्यामागं तेलाची खोकी होती, पुण्याचा कागद होता आणि मला वाटत होतं, एक जरी बाई बिनधास्त बागेत गेली आणि धडधाकट परत आली तर सगळं गाव तेल लावेल. "तेल लाव आणि जा," मी म्हटलं. "मी आहे ना."

ती गेली. रोज गेली. दहाव्या दिवशी ताप.

त्या सकाळी मी तिच्या कॉटपाशी गेले तेव्हा तिच्या उशीवर रक्ताचे डाग होते. हिरड्यांतून येत होतं. चेहरा सुजलेला, डोळे लाल.

"दर्शना, रागावत नाही मी. खरं सांग. तेल लावत होतीस का?"

"रोज लावलंय, सिस्टर." तिला बोलताना धाप लागत होती. "एक दीस चुकवक नाय. आई स्वतः चोळत माझे पाय."

"शपथ?"

"चिमीची शपथ."

आई आपल्या एकुलत्या पोरीची खोटी शपथ घेत नाही. मी बाहेर आले. डॉक्टर व्हरांड्यात फोन ठेवत होते.

"प्लेटलेट्स तीस हजारांवर आल्यात," ते म्हणाले. "माझ्याकडं चढवायला काही नाही. दुपारपर्यंत गोव्याला हलवलं तर आशा आहे. इथं ठेवली तर मी नुसता बघत बसणार. अँब्युलन्स उभी आहे. घरच्यांची सही नाही."

"उत्तम?"

"त्याला फोन केला. म्हणतो, आईला विचारा. आई काल रात्रीच सांगून मोकळी झाली, थंय नेलेलं माणूस परत येत नाही, मी धाडणार नाही म्हणून. सकाळी नातीला बघायला घरी गेलीय. तुम्ही जा. तुमचं ऐकते ती."

ऐकत होती. आता ऐकेल का, हे मला माहीत नव्हतं. मी स्कूटीला किक मारली. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

गावात शिरताना माझ्या उपकेंद्रावरूनच रस्ता जातो. बघते तर काय, पायरीवर बाटल्यांची रास. सगळ्या माझ्या. काही अर्ध्या, काही भरलेल्या, एक फुटून तेल पायरीवर ओघळलेलं. तिथं विश्राम गवस उभे होते. गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि दर्शनाचे चुलत सासरे. पांढरी टोपी, हातात काठी, शब्द मोजून बोलणार.

"ह्या काय, विश्रामकाका?"

"तुमचा तेल तुमका परत," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांत नेमान तेल लावी ती दर्शना. आनी आडवी पडली तीच. लोक काय समाजतले? कालपासून कोणच लावणा नाय."

"आणि रानात?"

"रानात जावचाच लागता. जळाव आणूचा, काजी पडलेली, गोरवां चरूक सोडूची. घरात बसान पोट भरता?"

म्हणजे आजपासून सगळं गाव उघड्या पायांनी रानात. अकराचे पंचवीस व्हायला आठ दिवस पुरले असते.

"काका, मी आधी काकींकडं जाते. दर्शनाला गोव्याला न्यायचंय. वेळ नाही."

"चला, मीय येतंय," ते म्हणाले. "पण एक सांगतंय. सत्यवती एकच गोष्ट विचारतली. तेचा उत्तर तुमच्याकडे आसात तर चला."

"कुठली?"

"तेल लावन पण झाला कसा?"

मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. तशीच पुढं निघाले.

दर्शनाच्या घरासमोर खळं, म्हणजे सारवलेलं अंगण. तिथं आठ-दहा माणसं आधीच जमली होती, बहुतेक बाया. मला बघून त्यांची कुजबूज थांबली. कुणी 'या' म्हटलं नाही. एरवी मला पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय कुणी बोलत नसे. एकीनं नुसतं घराच्या मागच्या बाजूला बोट केलं. विश्रामकाका खळ्यातच थांबले, मी एकटी घराला वळसा घालून मागं गेले.

मागच्या दारी न्हाणी होती, माडाच्या झावळ्यांचा आडोसा केलेली. चुलीवर पाण्याचं भांडं, खाली जाळ. दगडावर चिमी उघडीवाघडी बसलेली आणि तिच्यासमोर उकिडव्या बसलेल्या सत्यवतीकाकी. साठीच्या, काटक, नाकात जुनी नथनी. त्यांच्या तळहातावर माझ्या बाटलीतलं तेल होतं. त्या चिमीच्या पोटरीला, घोट्याला, बोटांच्या बेचक्यांत ते नीट चोळत होत्या. किती हळू आणि किती मन लावून. सगळ्या गावानं बाटल्या फेकल्या होत्या आणि ज्या घरात ताप शिरला त्याच घरात तेल चालू होतं.

"काकी," मी म्हटलं, "तुम्ही नाही फेकलंत?"

त्यांनी वर बघितलं नाही. "माझी सून परत इली की विचारतली, आई, चेडवाक तेल लावलास काय म्हणान. मी तिका काय सांगू?" आणि भांड्यातलं वाफाळतं पाणी तांब्यात घेऊन त्यांनी चिमीच्या पायांवर ओतलं. साबण घेतला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खसाखसा घासायला लागल्या.

मी बघतच राहिले. क्षणभर कळलंच नाही मी काय बघतेय.

"काकी, तेल लावून लगेच आंघोळ?"

"मगे?" आता त्यांनी माझ्याकडं बघितलं, एखाद्या येड्या पोरीकडं बघावं तसं. "तेल लावल्यार न्हावक नको? पारोश्या आंगान भायर धाडू काय?"

"दर्शनाला पण..."

"तिका रोज. पाटेक उठान पाणी तापवलंय. मी तेल चोळी, वयर कडकडीत पाणी घाली, मगे ती रानात जाय. सगळ्या गावात तसाच करतत. तेल लावन न्हातत. नायतर तेल लावचाच कित्याक?"

सगळं एका दमात उलगडलं. एकशे बेचाळीस घरं. अर्ध्या झालेल्या बाटल्या. सह्या, अंगठे. कुणीच खोटं बोललं नव्हतं. माझी वही खरी होती, गावही खरं होतं. सगळ्यांनी नेमानं तेल लावलं होतं आणि सगळ्यांनी नेमानं ते धुऊन टाकलं होतं.

आपल्याकडं तेल म्हटलं की पुढं पाणी आलंच. माझ्या आईनं मला दिवाळीत काय केलं? मी माझ्या पोरांना काय केलं? बाळंतिणीला काय करतात? तेल चोळायचं आणि कढत पाणी घालायचं. तेल लावून तसंच, पारोसं, घराबाहेर पडणारी बाई मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. आणि पुण्याच्या कागदावर एकाखाली एक दोन ओळी होत्या. रानात जाण्याआधी तेल चोळावे. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी. मी शाळेत गाव जमवून दोन्ही ओळी वाचून दाखवल्या होत्या, समजावून सांगितल्या होत्या, अगदी याच क्रमानं. गावानं दोन्ही ऐकल्या आणि आपल्या रोजच्या रीतीत बसवून टाकल्या. मी पाच वर्षं त्या गावात राहिले, रोज सकाळी घरोघरच्या न्हाणीतून धूर निघताना बघत होते, तरी माझ्या टाळक्यात हे आलं नाही. पुण्याच्या साहेबांना कुठून येणार?

"कित्याक गो, काय झाला?" काकींनी विचारलं. त्यांचे दोन्ही हात चिमीच्या पायावर होते, तेलानं आणि साबणानं निसरडे झालेले.

त्यांनी चिमीला पंच्यात गुंडाळलं, कडेवर घेतलं आणि त्या खळ्याकडं चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून.

खळ्यात सगळे उभे राहिले. मी जीव गोळा करून म्हटलं, "काकी, दर्शनाच्या हिरड्यांतून रक्त येतंय. दुपारच्या आत तिला गोव्याला न्यायला हवं. गाडी तयार आहे. मी तिच्यासोबत जाते, तिचा हात सोडत नाही. तुमची सही द्या."

"थंय गेलेली दोगा परत येवक नाय."

"ती दोघं उशिरा गेली होती, काकी. डॉक्टर सांगतात, अजून आशा आहे."

"तुझे डॉक्टर सांगतत." त्यांचा आवाज चढला. "तुझ्या डॉक्टरांनी सांगल्यान तेल लाव, आमी लावलंव. नेमान लावलंव. आता तूच म्हणतंस गोव्याक धाडा. कसा धाडू? आदी सांग, तेल लावन पण माझ्या सुनेक कसा झाला? ह्या सांग, मगे खंय व्हया थंय न्हे तिका."

विश्रामकाका माझ्याकडं बघत होते. सगळेच बघत होते.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. तुम्ही धुऊन टाकलंत म्हणून. चार शब्दांत झालं असतं. पण मी काकींच्या हातांकडं बघितलं. ते हात अजून ओले होते. पहाटे उठून पाणी तापवणारी बाई ही. सुनेचे पाय दुखतात म्हणून चोळून देणारी. त्या खळ्यात, सगळ्या गावादेखत, मी तिला सांगायचं की बाई, तुझ्याच हातांनी? आणि पोरगी जगली-वाचली नाही तर? आणि न सांगावं तर दर्शना जागची हलणार नव्हती, गाव बाटलीला हात लावणार नव्हतं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

काकींनी चिमीला कडेवर सावरलं.

"शाळेत तुम्हाला मी उलटं सांगितलं. आधी तेल लावा आणि मग आंघोळ करा, असं मीच सांगितलं. कागदावर बरोबर लिहिलेलं होतं. मी वाचताना चुकले. ते तेल धुवायचं नसतं. आंघोळ करून, अंग पुसून, मग लावायचं आणि तसंच रानात जायचं. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. चूक तुमची नाही, तेलाची नाही. माझी आहे."

असं मी कधीच सांगितलं नव्हतं.

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी चिमीला शेजारणीकडं दिलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुझा तळपट होवंदे," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेक खाल्लंस तू. विश्वासान तुझ्याकडे धाडलंय, आनी तू खाल्लंस तिका."

आणखीही बोलल्या. आईबापावरून बोलल्या, पोराबाळांवरून बोलल्या. मी मान खाली घालून उभी राहिले. कुणा बाईनं मला एवढं बोललेलं मी त्याआधी कधी ऐकून घेतलं नव्हतं, त्यानंतरही नाही. शेवटी विश्रामकाकांनी काठी जमिनीवर टेकली.

"सत्यवती, पुरो. चुकला तिचा, ती कबूल जाता. तेल खोटा न्हय ह्या कळला. सुनेक गाडयेत घाल. सही मी करतंय."

काकींनीच अंगठा दिला. मी स्कूटी काढत होते तेव्हा एक बाई मागं आली आणि खालच्या आवाजात विचारलं, "सिस्टर, न्हाल्यार लगेच लावचा, की आंग सुकल्यार?" मी सांगितलं, अंग पुसून. आणि तीन-चार तासांनी पुन्हा. ती उपकेंद्राच्या पायरीकडं गेली आणि राशीतली एक बाटली तिनं उचलली.

अकराच्या आत अँब्युलन्स निघाली. काकी पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, एकदाही मागं बघितलं नाही. मी दर्शनाचा हात धरून. घाटरस्त्याच्या वळणावर तिनं डोळे उघडले.

"सिस्टर, तुमका खरा वाटला ना? मी लावी होतंय."

"हो गं बाई. मला माहीत आहे तू लावत होतीस."

"मगे कसा झाला?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. तिलाही तेच सांगितलं.

तिनं मान हलवली. राग नव्हता चेहऱ्यावर. मला त्याचाच जास्त त्रास झाला. "चिमी खंय आसा?" एवढं तिनं विचारलं आणि पुन्हा ग्लानीत गेली.

प्लेटलेट्स चढवल्या. एक दिवस ताप उतरला, तिनं पेजेचे दोन घोट घेतले, उत्तमशी बोलली. उत्तम हॉटेलातून पळून आला होता. माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांना मी फोन करून सांगितलंसुद्धा की सुधारतेय. चौथ्या दिवशी ताप उलटला, मेंदूत गेला, आणि पाचव्या दिवशी सकाळी दर्शना गेली. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून रडले. 'मी आहे ना' म्हणाले होते मी तिला.

डॉ. वैराळेंनी मला समोर बसवलं. "तुम्ही खरंच असं उलटं सांगितलंत?"

"हो."

"पंधरा वर्षं नोकरी झालेली बाई तुम्ही. एक कागद नीट वाचता येत नाही? पोरगी गेली, सिस्टर."

"हो, सर."

त्यांना वर लिहावंच लागलं. त्यांचा दोष नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी झाली, मी सगळं कबूल केलं. वेतनवाढ थांबली आणि बदलीचा हुकूम आला. त्याआधीचे दोन महिने मी आंबेखोलमध्येच काढले. कुणी पाण्याला विचारत नव्हतं, पण बाटल्या घेत होते. मी त्याला तेल म्हणायचं सोडून दिलं. 'चोपडायचं औषध' म्हणायला लागले. औषध लावल्यावर कुणी धूत नाही. पुढच्या पंधरवड्यात दोन पेशंट आले, दोघेही वाचले. त्यानंतर आंबेखोलमधून कुणी आलं नाही. तोवर लसही पोचली होती आणि ऊनही कडक झालं होतं. औषधानं थांबलं, लशीनं थांबलं की उन्हानं, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मे महिन्यात मी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होते. ट्रंक, वळकटी आणि मी. निरोप द्यायला कोण येणार होतं? तेवढ्यात रस्त्यावरून सत्यवतीकाकी येताना दिसल्या. मला वाटलं, राहिलेल्या शिव्या द्यायला येतायत. म्हटलं, येऊ देत.

त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघी रस्त्याकडं बघत होतो.

"तू तसा सांगूक नव्हतंस," त्या म्हणाल्या.

मी वळकटीची दोरी आवळली.

"शाळेत मी फुडेच बसलेलंय. रानातसून इल्यार न्हावा, असा सांगलंस तू. ह्या कानांनी आयकलंय. मीच म्हटलंय, रानात जावच्या आदीच न्हाल्यार काय बिघाडता? लोकांची लेक ती, पारोशी कशी धाडू भायर?"

"काकी, असू दे आता."

"त्या दिसा खळ्यात तू माझ्या हातांकडे बघलंस. तेव्हाच माका कळला. सगळा कळला. तरीय मी तुका गाळी घातलंय. तुझ्या पोरांवरसून बोललंय. आनी तू बोललेल्याक जाप दिलंस नाय." त्यांचा आवाज फुटला. "मी सांगूक व्हया होता, तिचा चुकूक नाय, माझा चुकला. माझ्यान बोलवलाच नाय. आजून कोणाक सांगूक नाय. उत्तमाक पण नाय."

मी त्यांचा दंड धरला. पलीकडच्या वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

"एक विचारतंय," त्या म्हणाल्या. "त्या दिसा खोटा बोललंस ता बोललंस. आता बोलू नको. मी पाणी घातलंय नसतंय तर ती वाचली असती?"

'नाही' हा एकच शब्द होता. तो म्हटला असता तर ती बाई त्या दिवशी घरी जाऊन झोपली असती. माझ्या जिभेवर आला होता. पण मी मनात हिशोब मांडायला लागले. ते औषध तीन-चार तास टिकतं. दर्शना सातला जायची, बाराला यायची. न धुता गेली असती तरी शेवटचा तासभर उघडीच होती. गोचीड कधी चावला, कुठं चावला, कुणाला ठाऊक. कदाचित वाचली असती. कदाचित नसती. आजही मी कधी कधी हे मांडते आणि तिथंच येऊन थांबते.

"मला माहीत नाही, काकी," मी म्हटलं.

एस.टी. येऊन थांबली. काकी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"ह्या खरा," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, वाकल्या आणि माझ्या ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी मी धरली.